घरच्या भाजणीला दुकानाची फळी

15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिले. लिज्जतची सुरुवात अशी ओळखीच्या दुकानातून झाली!

म्हणून भाजणी, मेतकूट, लोणची करणाऱ्या ताई-काकूंना मी सांगते, आधी कोपऱ्यावरचं किराणा दुकान गाठा. त्याआधी अन्नसुरक्षा नोंदणी मात्र हवीच. ती ऑनलाइन होते आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा.

लेबल नीट करा: घटक, निव्वळ वजन, पत्ता, बॅच, तयार केल्याची तारीख, 'यापूर्वी वापरा', हिरवं शाकाहारी चिन्ह. शेंगदाणे किंवा तीळ असतील तर ते ठळक लिहा; ॲलर्जी असलेल्या घरात त्यावरच सगळं अवलंबून असतं.

दुकानदाराचं कमिशन धरूनच भाव ठरवा. गॅस, पॅकिंग आणि तुमची मजुरीही त्यात आली पाहिजे. आपल्याकडे बायका स्वतःची मजुरी धरतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. 'विकेल तसे पैसे' ठरलं असेल, तर दिलेल्या आणि परत आलेल्या पाकिटांची नोंद वहीत दुकानदाराच्या सहीसकट ठेवा. पहिल्या खेपेला दहाच पाकिटं द्या.