आकाशाला घरात घेणारा वास्तुकार
आपले वास्तुकार : लेखांक ७

मागील लेखात आपण कोकणातल्या अच्युत कानविंदे यांचे काम पाहिले. आज चार्ल्स कोरिया. कुटुंब मूळचे गोव्याचे, जन्म १९३० साली सिकंदराबादचा. वास्तुकलेचे शिक्षण अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात आणि एमआयटीमध्ये झाले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत मुंबई हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

कोरियांचा मूळ विचार साधा आहे. थंड देशात माणसाला चारही बाजूंनी बंद खोली लागते. आपल्याकडे तसे नाही. सकाळी ओटा, दुपारी माजघर, संध्याकाळी अंगण, उन्हाळ्यातल्या रात्री गच्ची, अशी आपली वहिवाट. म्हणजे उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा घराची एक खोलीच, आणि तिला छपराचा खर्च नाही. इमारतीचे रूप हवामानाने ठरवावे, हे सूत्र त्यांनी आयुष्यभर पाळले.

त्याचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय (१९६३). कौलारू छपरांची छोटी छोटी चौरस दालने, मध्ये पाण्याचा चौक आणि काचेच्या खिडक्यांऐवजी वारा खेळवणाऱ्या लाकडी झडपा. पुढे मुंबईतल्या २८ मजली कांचनजंगा इमारतीत (१९८३) त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उंचावर नेला. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचे ऊन आणि पावसाचे झोतही तिकडूनच येतात. म्हणून घरे थेट बाहेर उघडली नाहीत. कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा ठेवून त्यांच्या आडोशाने वारा आत घेतला.

हा विचार श्रीमंतांपुरता नव्हता. नवी मुंबईची कल्पना प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह मांडणाऱ्या कोरियांनी बेलापूरला कमी उत्पन्न गटांसाठी वसाहत उभारली (१९८३-८६). सात घरांमध्ये एक सामाईक अंगण. अशा तीन गटांमध्ये मिळून आणखी एक मोठे अंगण. घराला घर चिकटलेले नाही, सामाईक भिंत नाही. पैसे जमतील तसे कुटुंबाने घर वाढवावे आणि शेजाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये, म्हणून ही काळजी. तिथली अनेक मूळ घरे आता बदलून मोठी झाली आहेत. घर वाढतच जाणार, हे गृहीत धरूनच ही आखणी केलेली होती.

पुणेकरांना मात्र कोरिया समजून घ्यायला गाव सोडावे लागत नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था त्यांचीच रचना. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर होते. विश्वाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची इमारतही विश्वाविषयी बोलावी, हा ध्यास इथे दगडादगडात दिसतो. भिंतींजवळ उभे राहून पाहा. खाली आपला ओळखीचा काळा पाषाण, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सर्वात वर आणखी काळा, आकाश परावर्तित करणारा चकचकीत ग्रॅनाइट. नजर वर जाते तसा अंधार गडद होत जातो, अवकाशासारखा.

मधोमध पायऱ्यांचे कुंड आहे. भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. दालनांतून बाहेर पडलेला संशोधक या मोकळ्या चौकातून जातो. वाटेत कोणी भेटते, दोन शब्द होतात. वाड्यातला चौक घरातल्या माणसांसाठी जे करत असे, तेच काम हा चौक विज्ञानासाठी करतो. फूकोचा लंबक पृथ्वीचे फिरणे दाखवतो. जुनी कुंडे आणि आधुनिक विज्ञान यांचे इथे कुठेही भांडण नाही.

कोरियांना १९८४ मध्ये ब्रिटनच्या वास्तुकार संस्थेचे सुवर्णपदक आणि २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांचा खरा गौरव मात्र त्यांचा विचार अंगी बाणवण्यात आहे. आज पुण्यात पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत आणि त्या थंड ठेवण्यासाठी दिवसभर वीज जाळावी लागते. घरांच्या बाल्कन्या बंद करून खोल्या वाढवल्या जातात. ज्या शहराची संध्याकाळची हवा एकेकाळी नावाजलेली होती, त्या शहराने ती हवाच दाराबाहेर ठेवावी, हे दुःखद आहे. नवे घर घेताना चटईक्षेत्राबरोबर वारा कुठून येतो आणि दुपारचे ऊन कुठे पडते, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने विचारले, तरी बांधणाऱ्यांना उत्तरे शोधावी लागतील.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका सर्वांसाठी खुली असते. मुलांना घेऊन जा. दुर्बिणी पाहाच, पण त्याआधी थोडा वेळ कुंडाच्या पायऱ्यांवर बसा.

(पुढील लेखांकात : पुण्यात जन्मलेले आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय, बाळकृष्ण दोशी.)