कोरियाला जमले, व्हिएतनामला जमेल का?

गरीब देश कारखानदारीच्या जोरावर पुढारलेल्या देशांच्या पंगतीला बसू शकतो का? आपल्या मंडळात ज्येष्ठ आणि तरुण एकत्र जमले की हा वाद हमखास रंगतो. दोन देशांची उदाहरणे पाहिली तर तो सोपा होतो.

१९६० च्या सुमारास दक्षिण कोरिया युद्धाने पोळलेला, गरीब देश होता. १९६२ मध्ये तिथे पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. प्रारंभी निर्यात होती ती कापड, प्लायवूड आणि चक्क केसांच्या टोपांची! सरकार उद्योगांना स्वस्तात कर्ज देई, पण त्या बदल्यात निर्यात वाढवून दाखवावी लागे. १९६८ मध्ये 'पोस्को' ही पोलाद कंपनी स्थापन झाली. बाहेरून कर्ज मिळेना, तेव्हा जपानकडून भरपाईपोटी आलेला पैसा तिच्यात घातला. १९७३ मध्ये पोहांगचा कारखाना सुरू झाला आणि १९७५ च्या अखेरीस ह्युंदाईच्या 'पोनी' मोटारीचे उत्पादन. याची किंमत कामगारांनी मोजली. कामगार कायदे पाळा, या मागणीसाठी १९७० मध्ये जॉन ते-इल या तरुण शिंप्याने आत्मदहन केले.

व्हिएतनामने १९८६ मध्ये 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले. शेतकऱ्याला मोकळीक मिळाली आणि काही वर्षांतच धान्यटंचाईचा हा देश तांदूळ निर्यात करू लागला. २००७ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत गेला, पाठोपाठ सॅमसंगसारख्या कंपन्या आल्या. २०४५ पर्यंत उच्च उत्पन्नाचा देश होण्याचे उद्दिष्ट त्याने ठेवले आहे.

मात्र एक मोठा फरक आहे. व्हिएतनामच्या निर्यातीत सुमारे ७० टक्के वाटा परदेशी कंपन्यांचा आहे. अनेक सुटे भाग बाहेरून येतात, इथे जोडणी होते. कोरियाने परकीय तंत्र शिकून घेऊन स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या. आज निर्यातीच्या अटीवर सवलती देणे जागतिक नियमांमुळे अवघड झाले आहे, आणि स्वस्त मजुरीचे काम यंत्रेही करू लागली आहेत.

म्हणजे दार बंद नाही, अरुंद झाले आहे. तेव्हा एखाद्या देशाची प्रगती जोखताना कारखाने किती आले एवढेच मोजू नये. त्यांना लागणारे सुटे भाग गावातला उद्योजक बनवतो का, यंत्राची रचना तिथला अभियंता करतो का, आणि कामगाराचे घर सुधारले का, हे विचारावे. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींनाही हेच प्रश्न लागू पडतात.