घोड्यांसाठी कोंड्याचे आंबोण

कोंड्याचे आंबोण (इंग्रजी नाव: ब्रॅन मॅश) म्हणजे गव्हाचा कोंडा गरम पाण्यात भिजवून तयार केलेले घोड्यांचे ओलसर खाद्य होय. घोड्याच्या रोजच्या चंदीऐवजी किंवा चंदीसोबत ते आठवड्यातून एकदा, श्रमानंतर अथवा आजारपणात देण्याची पद्धत ब्रिटिश घोडदळामुळे व शर्यतींच्या तबेल्यांमुळे भारतात रूढ झाली. हे खाद्य पोट साफ ठेवते असा दीर्घकालीन समज आहे. आधुनिक पशुआहारशास्त्र मात्र त्याचे फायदे मर्यादित मानते आणि नियमित वापराबाबत सावधगिरीचा सल्ला देते.

पार्श्वभूमी

भारतात घोड्यांच्या आहाराविषयी प्राचीन काळापासून लेखन झालेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यास द्यावयाचे धान्य, स्नेह व मीठ यांची मापे सांगितली आहेत. महाराष्ट्रात घोड्याच्या दाण्यास चंदी म्हणतात. तीत हरभऱ्याला महत्त्वाचे स्थान होते आणि ती तोबऱ्यातून दिली जात असे.

रायगड जिल्ह्यात आजही घोडे उपजीविकेचे साधन आहेत. माथेरान येथे मोटार वाहनांना बंदी असल्याने प्रवासी वाहतुकीसाठी घोडे वापरले जातात. अलिबाग येथे ओहोटीच्या वेळी घोडागाड्या पर्यटकांना कुलाबा किल्ल्यापर्यंत नेतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येणारे प्रवासी ज्या रेवस बंदरात उतरतात, ते याच अलिबाग तालुक्यात धरमतर खाडीच्या मुखाशी आहे. भोवतालच्या खारेपाटात भात हे प्रमुख पीक असल्यामुळे भाताचा पेंढा आणि भाताचा कोंडा ही स्थानिक पातळीवर सहज मिळणारी जनावरांची खाद्ये आहेत. म्हणूनच कोंड्याच्या गुणदोषांचा प्रश्न या किनारपट्टीवर व्यवहाराचा ठरतो.

घटक

गव्हाच्या कोंड्यात साधारणपणे १५ ते १७ टक्के प्रथिने असतात. त्यात फॉस्फरस सुमारे १ ते १.२ टक्के, तर कॅल्शियम केवळ ०.१ ते ०.१५ टक्के असते. म्हणजे फॉस्फरसचे प्रमाण कॅल्शियमच्या सुमारे आठ ते दहा पट भरते. घोड्याच्या एकूण आहारात याउलट कॅल्शियम हे फॉस्फरसपेक्षा अधिक, निदान त्याच्या बरोबरीचे असावे लागते.

भाताच्या कोंड्यात हा असमतोल आणखी मोठा असतो. शिवाय त्यात १२ ते २० टक्के स्निग्धांश असतो. दळणानंतर कोंड्यातील विकरे या तेलाचे विघटन सुरू करतात आणि कोंडा लवकर खवट होतो. उष्णतेची प्रक्रिया केलेला किंवा तेल काढलेला कोंडा अधिक टिकतो. जुन्या पद्धतीच्या हलर गिरणीतील कोंड्यात तूस मिसळलेले असते. तुसात सिलिका जास्त असल्यामुळे ते पचत नाही.

फायदे

* घोडे आंबोण आवडीने खातात. त्यामुळे भूक मंदावलेल्या घोड्यास खाण्यास प्रवृत्त करता येते आणि कडू औषध त्यात मिसळून देता येते.
* दात झिजलेल्या वृद्ध घोड्यास मऊ खाद्य चावणे सोपे जाते.
* खाद्याबरोबर काही लिटर पाणी पोटात जाते. घोड्यास दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी लागत असल्यामुळे ही भर लहान असते. तथापि पाणी कमी पिणाऱ्या थकलेल्या घोड्यास ती उपयोगी पडते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ झाल्यास घोडे ते पिण्यास नाखूश असतात, अशा वेळी हा लाभ अधिक जाणवतो.
* विश्रांतीच्या दिवशी दाण्याच्या जागी आंबोण दिल्यास दाण्याचे प्रमाण आपोआप कमी होते.

शेवटचा मुद्दा साप्ताहिक प्रथेच्या मुळाशी आहे. भरपूर दाणा खाणाऱ्या घोड्यास एक दिवस बसवून दुसऱ्या दिवशी कामास जुंपले, तर त्याचे स्नायू आखडण्याचा विकार उद्भवू शकतो. रविवारी सुट्टी असे, म्हणून शनिवारी रात्री आंबोण देण्याचा प्रघात पडला. गुण येत असे तो मुख्यतः दाणा कमी केल्याचा. श्रेय मात्र कोंड्याला मिळाले. रायगडच्या पर्यटनस्थळांवर शनिवार व रविवार हेच सर्वाधिक कामाचे दिवस असतात. त्यामुळे ती वेळ येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

तोटे

रेचक असल्याचा समज: माणसाच्या आहारात तंतुमय पदार्थ कमी असतात, म्हणून कोंड्याने त्याचे पोट साफ होते. घोड्याचा आहार मुळातच तंतुमय असतो आणि वाळलेल्या गवतात कोंड्याहून अधिक तंतू असतात. त्यामुळे कोंड्याच्या नेहमीच्या मात्रेने लीद विशेष मऊ होत नाही. आंबोण दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लीद पातळ झाली, तर ते बहुधा अचानक बदललेल्या खाद्यामुळे मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडल्याचे लक्षण असते.

पोटशूळ: आहारातील आकस्मिक बदल हे पोटशूळाचे एक ज्ञात कारण आहे. घोड्यास ओकारी होत नाही; पोटात साचलेला वायू किंवा अन्न वर फेकता येत नसल्याने तीव्र पोटशूळ प्राणघातक ठरू शकतो. आठवड्यातून एकदाच वेगळे खाद्य देणे म्हणजे दर आठवड्यास असा बदल घडवणे होय.

हाडांचा रोग: दररोज मोठ्या प्रमाणात कोंडा दिल्यास कॅल्शियमची उणीव निर्माण होते. कोंड्यातील फायटेट उरलेल्या कॅल्शियमच्या शोषणातही अडथळा आणते. रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढते. म्हणूनच रक्ततपासणी दीर्घकाळ सामान्य दिसू शकते. पुढे घोडा कधी एका, कधी दुसऱ्या पायाने लंगडतो, दात हलतात आणि चेहऱ्याची हाडे सुजून डोके मोठे दिसू लागते. पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांमध्ये हा विकार वारंवार आढळत असल्यामुळे इंग्रजीत त्यास गिरणीवाल्याचा रोग असे नाव पडले.

सुमारे २५० किलो वजनाच्या, काम नसलेल्या तट्टास दिवसाला साधारण १० ग्रॅम कॅल्शियम व ७ ग्रॅम फॉस्फरस लागते. एक किलो गव्हाच्या कोंड्यातून सुमारे ११ ग्रॅम फॉस्फरस आणि जेमतेम १.३ ग्रॅम कॅल्शियम मिळते. कोकणात यात आणखी एक धोका संभवतो. भाताच्या पेंढ्यात तसेच हत्ती गवतासारख्या काही उष्णकटिबंधीय गवतांत ऑक्झलेट असते व तेही कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे पेंढा व कोंडा एवढ्यावरच पोसलेला घोडा दोन्ही बाजूंनी कॅल्शियमला मुकतो.

साठवण: पावसाळ्यातील दमट हवेत कोंड्यास बुरशी लागते. बुरशीचे विष उकळत्या पाण्याने नष्ट होत नाही, म्हणून कुबट वासाचा किंवा गुठळ्या झालेला कोंडा भिजवूनही वापरण्यायोग्य होत नाही.

तयार करण्याची रीत

अर्धा ते एक किलो कोंड्यात चमचाभर मीठ घालून सर्व कोंडा ओला होईल इतके गरम पाणी ओततात. भांडे गोणपाटाने झाकून २० ते ३० मिनिटे ठेवतात आणि हाताला कोमट लागल्यावर घोड्यापुढे ठेवतात. कोरडा कोंडा घशात अडकण्याचा संभव असल्यामुळे तो पूर्ण भिजणे आवश्यक असते. उरलेले आंबोण उष्ण हवेत लवकर आंबते, म्हणून ते टाकून देतात.

पर्याय व शिफारशी

ओलसर खाद्याचा लाभ हवा असल्यास घोड्याची नेहमीची चंदीच पाण्यात भिजवून देणे अधिक सुरक्षित मानले जाते, कारण त्यात खाद्य बदलत नाही. पोट सुरळीत राहण्यासाठी पुरेसे गवत, स्वच्छ पाणी, मीठ आणि नियमित हालचाल यांचे महत्त्व कोंड्यापेक्षा जास्त आहे.

कोंडा रोजच्या आहारात ठेवायचा असल्यास तो ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवावा लागतो आणि कॅल्शियमची जोड द्यावी लागते. एक किलो गव्हाच्या कोंड्यातील तफावत बरोबरीस आणण्यासाठी सुमारे २५ ग्रॅम खाद्ययोग्य चुनखडीची भुकटी लागते. कॅल्शियमने समृद्ध असा लसूण घासही या कामी उपयोगी ठरतो. घोडा पोटाकडे वळून पाहत असेल, पुन्हा पुन्हा लोळत असेल किंवा लीद टाकत नसेल, तर आंबोण देऊन वाट न पाहता खाद्य बंद करून तातडीने पशुवैद्यकास बोलावणे आवश्यक असते.