दहा लाख चाहते आणि एक जागी मुलगी

मनाच्या आजाराचा विषय निघाला की आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी आपण लोकलच्या डब्यात अनोळखी माणसाशीही बोलतो. परंतु ‘रात्र रात्र झोप लागत नाही’, ‘कशातच मन रमत नाही’ ही वाक्ये दवाखान्यातसुद्धा दार लोटून घेतल्यावरच बाहेर पडतात. म्हणूनच तरुण मुले-मुली एखाद्या खेळाच्या निमित्ताने या गोष्टी मोकळेपणाने बोलू लागली, तर डॉक्टरने त्या कान देऊन ऐकाव्यात, अशा मताचा मी आहे. आजचा लेख अशाच एका संगणकीय खेळाविषयी आहे. आरोग्याच्या सदरात खेळ कशाला, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. लेख वाचून झाल्यावर ती उरणार नाही, अशी आशा आहे.

खेळ आहे तरी काय?

हा खेळ जपानमध्ये तयार झाला आणि २१ जानेवारी २०२२ रोजी विक्रीस आला. मूळ नाव ‘नीडी गर्ल ओव्हरडोस’, तर इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘नीडी स्ट्रीमर ओव्हरलोड’. न्यालरा या टोपणनावाच्या लेखकाने त्याची कथा लिहिली. आजवर त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत.

वरवर पाहता हा प्रेमाचा खेळ आहे. समोर अमे नावाची एक तरुणी असते आणि खेळणारा तिचा सोबती व व्यवस्थापक असतो. तिला मोबाइल-संगणकावरून ‘लाइव्ह’ येऊन प्रसिद्ध व्हायचे असते. मुदत तीस दिवसांची आणि उद्दिष्ट दहा लाख चाहत्यांचे. दिवसाचे तीन भाग पाडलेले असतात : दुपार, संध्याकाळ आणि रात्र. लाइव्ह मात्र रात्रीच करता येते. प्रत्येक वेळी तिने काय करावे हे खेळणारा ठरवतो : झोपावे, फिरायला जावे, इंटरनेट चाळत बसावे, गोळ्या घ्याव्यात की लाइव्ह यावे. पडद्यावर चार आकडे सतत दिसत असतात. चाहते किती, ताण किती, तुमच्याविषयी ओढ किती आणि मनातला अंधार किती. या आकड्यांच्या चढउतारानुसार वीसहून अधिक वेगवेगळे शेवट होतात आणि त्यांतले बहुतेक दुःखाचे आहेत. चित्रे गुलाबी, संगीत उडते आणि आत भीती, असा हा प्रकार. त्यात अंगावर जखमा करून घेणे आणि औषधांचा अतिरेक यांचे प्रसंग आहेत. हा खेळ लहान मुलांचा नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो.

विरारच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तो मला आपल्या लॅपटॉपवर दाखवला. दोन संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून मी तो पाहिला आणि नंतर दवाखान्यात येणाऱ्या, हा खेळ खेळलेल्या तरुणांना त्यांचे मत विचारीत गेलो.

खेळणारे काय म्हणतात?

पहिले मत त्या विद्यार्थ्याचेच. तो म्हणाला, “काका, पहिल्या वेळी मी फक्त चाहते वाढवत गेलो. ती थकलीय हे दिसत होतं, पण आकडा वाढत होता ना! शेवटी तिची जी अवस्था झाली, ती मीच केली असं वाटलं.” जगभरच्या अनेक खेळाडूंनीही हेच म्हटले आहे. हा खेळ समोरच्या मुलीला घाबरवतो त्यापेक्षा खेळणाऱ्याला स्वतःचीच भीती घालतो.

दुसरे मत नालासोपाऱ्यात राहून अंधेरीत नोकरी करणाऱ्या एका मुलीचे. तिला खेळ आवडला नाही. “आजारी मुलगी म्हणजे गोड, नाजूक, वेडीशी, असं दाखवलंय. खरं डिप्रेशन असं गुलाबी नसतं. माझ्या बहिणीला होतं, ती आठ-आठ दिवस केस विंचरत नव्हती.” मानसिक आजाराची शोभा करून विकले, हा आक्षेप या खेळावर इतरत्रही घेतला गेला आहे.

तिसरे मत वसई गावातल्या, स्वतः लाइव्ह करणाऱ्या एका मुलाचे. “डॉक्टर, प्रतिक्रिया धावतात ना खाली, त्या अगदी खऱ्यासारख्या आहेत. शंभर जण चांगलं बोलतात आणि एक जण घाण बोलतो. रात्री अंथरुणात तो एकच आठवतो.”

याखेरीज तेच तेच पुन्हा करावे लागते, सगळे शेवट पाहण्यासाठी कंटाळा येईस्तोवर खेळावे लागते, अशीही तक्रार आहे. आणि ज्यांच्या मनाला सध्या बरे नाही त्यांनी हा खेळ दूर ठेवावा, असे तो आवडलेले खेळाडूही सांगतात. या शेवटच्या सल्ल्याला डॉक्टर म्हणून माझा पूर्ण दुजोरा आहे.

खेळाने बरोबर पकडलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट बक्षिसाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर व उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, कळ दाबल्यावर दाणा दर वेळी न मिळता कधी मिळतो, कधी नाही, असे झाले की प्राणी ती कळ अधिक चिकाटीने दाबत राहतो. लाइव्हचे नेमके हेच आहे. आज दोनशे जण आले, उद्या वीस, परवा कदाचित हजार येतील. या ‘कदाचित’मध्ये माणूस अडकतो. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला जे बांधून ठेवते, तेच इथेही बांधून ठेवते.

दुसरी गोष्ट एकतर्फी जवळिकीची. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ साली दूरदर्शन व रेडिओच्या प्रेक्षकांविषयी लिहिले होते की, पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे असे वाटून त्याच्याशी नाते जडते. त्याला मात्र आपले नावही ठाऊक नसते. लाइव्हमध्ये हे दुहेरी होते. पाहणाऱ्याला वाटते ती माझी आहे आणि तिला वाटते हे हजार जण माझे आहेत. ताप आल्यावर कपाळावर ओली पट्टी ठेवायला मात्र त्यांतले कोणीच येत नाही.

तिसरी गोष्ट झोपेची. तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळ मुळातच थोडे उशिरा चालते. त्यात रात्रीचा लाइव्ह, डोळ्यांवर प्रकाश आणि डोक्यात उत्तेजना आली की मेंदूला रात्र झाल्याचा निरोपच पोहोचत नाही. सकाळी सातचे कॉलेज असेल तर हाती चार तासांची झोप उरते. अशी झोप महिनोन् महिने झाली की चिडचिड, विसराळूपणा, उदासी येते. मग ‘पोरगी हल्ली उद्धट झाली’ अशी तक्रार घेऊन आई येते.

चौथी गोष्ट गोळ्यांची आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खेळात गोळी दिली की ताणाचा आकडा खाली येतो आणि मनातल्या अंधाराचा वर जातो. प्रत्यक्षात मनमानी घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांचे तसेच होते. अल्प्राझोलामसारख्या गोळीने त्या रात्रीपुरते बरे वाटते, पण काही आठवड्यांत तेवढी गोळी पुरत नाही. एकदम बंद केली तर बेचैनी वाढते, कधी फिटही येते. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणूनच २०१४ पासून ही औषधे आपल्याकडे ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि औषध-दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. तरीही गोळी घरातूनच मिळते, कारण ती आजीच्या डब्यात असते.

खेळात नसलेली गोष्ट

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका रुग्णाविषयी सांगतो. एकोणीस वर्षांची मुलगी. आई-वडील दोघे नोकरीला. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटर. सकाळी साडेसहाला घर सोडणारी माणसे रात्री नऊला परततात. जेवून, भांडी आवरून झोपतात. ही घराघरांची गोष्ट आहे, यात कोणाचा दोष नाही. मुलगी रात्री अकरापासून तीनपर्यंत लाइव्ह असे. नंतर झोप येईना म्हणून आजीच्या डब्यातील गोळी घेऊ लागली. एकाच्या दोन झाल्या. कॉलेज सुटले. माझ्याकडे ती आली ती डोकेदुखीसाठी. तपासताना हातावर जुन्या जखमांच्या रेषा दिसल्या.

तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या एकदम न तोडता हळूहळू कमी केल्या, योग्य औषध व समुपदेशन सुरू झाले. आजीचा डबा कुलपात गेला. आईने आठवड्यातील दोन दिवस लवकर यायची सोय करून घेतली. आठ महिने लागले आणि त्यात दोनदा माघारही झाली. आज ती लाइव्ह करते, पण रविवारी दुपारी, तास-दीड तास. या खेळाविषयी तिलाही विचारले. मैत्रिणीकडे तिने तो थोडासा पाहिला होता. ती म्हणाली, “डॉक्टर, त्या मुलीला पूर्ण खेळात कुणी ‘आज राहू दे, जेवायला ये’ असं म्हणत नाही.”

इतके नेमके परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही. खेळातल्या मुलीभोवती चाहते आहेत, व्यवस्थापक आहे, गोळ्या आहेत. विचारपूस करणारे घर मात्र नाही. खऱ्या आयुष्यात ते असते, निदान असू शकते.

पालकांनी काय करावे?

१) खेळ खेळणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण स्वतःवर ताबा न राहणे, खेळापुढे बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान होत असूनही न थांबणे, असे साधारण बारा महिने चालले तरच ते निदान करतात. ऊठसूट मुलाला व्यसनी म्हणू नये.

२) मोबाइल हिसकावू नये. रात्री साडेदहानंतर घरातले सगळेच मोबाइल, वडिलांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत.

३) सोळा वर्षांखालील मुलांनी एकट्याने लाइव्ह येऊ नये. यूट्यूबनेही जुलै २०२५ पासून हीच वयोमर्यादा ठेवली आहे.

४) घरातील झोपेच्या व इतर गोळ्या मोजून कुलपात ठेवाव्यात.

५) झोप उडणे, जेवण कमी होणे, मित्र तुटणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशी भाषा, यांपैकी काहीही दिसले तर थेट, शांतपणे विचारा : “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार मनात भरतो हा गैरसमज आहे. उलट विचारल्याने मुलाला हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा.

६) ‘टेली मानस’ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते. क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

खेळावर बंदी घालावी का, असे एका गृहस्थांनी मला विचारले. मला तसे वाटत नाही. मोठ्या वयाच्या, मनाने स्थिर मुलाने तो खेळला तर त्याला चार गोष्टी कळतीलही. खेळणारा मुलीकडे न पाहता चार आकड्यांकडे पाहत राहतो आणि तिथेच तो चुकतो. आपणही घरी आल्यावर मुलाला आधी काय विचारतो? किती टक्के पडले, किती वाजता उठलास, किती पैसे खर्च केलेस. सगळे आकडेच! आज रात्री एक साधा, आकडा नसलेला प्रश्न विचारून पाहा. उत्तर लगेच येणार नाही. आठवडाभर रोज विचारा.

पुढील आठवड्यात पावसाळ्यातील तापांविषयी.