टाकीभर पाणी, एक युनिट वीज

कुठल्याही गच्चीवर असते तशी हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढे आणा. काठोकाठ भरलेली. तिच्यातलं सगळं पाणी कोकणातून उचलून घाटमाथ्यावर, चारशे मीटर उंच न्यायचं, तर ऊर्जा किती लागेल? शाळेतलं गणित आहे: वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची. उत्तर येतं सुमारे एक युनिट, म्हणजे हजार वॅटची इस्त्री तासभर चालवली तर मीटरवर पडेल तेवढं. आता टाकी जागची हलवू नका. तेच पाणी आहे तिथेच फक्त एक अंश सेल्सियसने तापवा. लागते सुमारे १.१६ युनिट. घाट चढण्यापेक्षा एक अंशाने कोमट होणं पाण्याला महाग पडतं!

हा हिशेब कुणालाही पटकन पटत नाही. मीही तो कागदावर दोनदा करून पाहिला. पण स्वच्छ ऊर्जेबद्दलचे बरेचसे गैरसमज इथेच उगवतात. ऊर्जा म्हटली की आपल्याला वीज दिसते, तारा दिसतात, बॅटरी दिसते. प्रत्यक्षात जगात अखेरीस वापरली जाणारी जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता म्हणून वापरली जाते: अंघोळीचं पाणी, स्वयंपाक, रंगाऱ्याचा हौद, दुधाचं पाश्चरीकरण, सिमेंटची भट्टी. त्यामुळे या क्षेत्रातला एखादा शोध कामाचा की नुसता गाजावाजा, हे ओळखायचं तर वीज आणि उष्णता हे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात.

“वीज साठवायची म्हणजे बॅटरीच हवी”

जगात आजही साठवलेल्या विजेचा सगळ्यात मोठा वाटा लिथियममध्ये नसून पाण्यात आहे. आपल्याकडचं ठळक उदाहरण घाटघरचं. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात दुसरा, आणि मधे डोंगराच्या पोटात प्रत्येकी १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. रात्री किंवा भर दुपारी, वीज मुबलक असते तेव्हा, ही यंत्रं पंप होऊन पाणी वर चढवतात. संध्याकाळी घराघरांत दिवे आणि पंखे लागले की तीच यंत्रं उलटी फिरतात, टर्बाइन होतात, आणि पाणी खाली उतरताना वीज देतात. २००८पासून हे चालू आहे. रायगड जिल्ह्यात भिरा इथेही १५० मेगावॅटचा असाच उदंचन संच आहे.

यावरून दुसरा गैरसमज होतो की असे प्रकल्प वीज ‘निर्माण’ करतात. हिशेबाने पाहिलं तर ते वीज खातात. शंभर युनिट घालून पाणी वर नेलं तर परत येताना साधारण ७५ ते ८० मिळतात. पंपात, बोगद्यात, टर्बाइनमध्ये घट होतेच. मग कशाला हा खटाटोप? नको त्या वेळची वीज हव्या त्या वेळी मिळते म्हणून. कांदा चाळीत ठेवला तर थोडा सडतो, वजन घटतं, तरी शेतकरी ठेवतोच. भाव त्या घटीला पुरून उरणार असतो.

टाकीचा हिशेब इथे कामाला येतो. हजार लिटर पाणी चारशे मीटरवरून उतरवून जेमतेम एक युनिट मिळतं. म्हणून उदंचनाला सबंध जलाशय लागतो, उंच कडा लागतो, आणि तेही एकमेकांच्या जवळ. सह्याद्रीत ही जोडी निसर्गानेच जमवून ठेवली आहे. सपाट मुलखात तिची हौस करून उपयोग नाही. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत वीज साठवायचा विचार कुणी सांगितला, तर दहा मजल्यांची, म्हणजे तीसेक मीटरची उंची धरून वरचाच हिशेब करून पाहावा. पूर्ण टाकीला युनिटाचा बारावा-तेरावा भागही धड पदरात पडत नाही.

“एका युनिटात तीन युनिटांचं पाणी तापतं, ही शुद्ध थाप आहे”

हीट पंपाबद्दल बोलताना हे हमखास ऐकू येतं, आणि ऐकवणारे बहुधा विज्ञान शिकलेले असतात. ऊर्जा अक्षय्य आहे, मग एकाचे तीन कसे?

गिझरचं कॉइल विजेची उष्णता करतं. एक युनिट आत, एक युनिट उष्णता बाहेर. याहून जास्त त्याच्याकडून निघणार नाही. हीट पंप उष्णता तयार करण्याच्या भानगडीत पडत नाही, तो ती हलवतो. नळ्यांतून फिरणारा द्रव अगदी कमी तापमानाला उकळतो. उकळताना तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, दाबलेली वाफ तापते, आणि टाकीतल्या पाण्याभोवती पुन्हा द्रव होताना ती सगळी उष्णता पाण्याला देऊन टाकते. वीज लागते ती या हमालीपुरती. तीनपैकी दोन युनिटं हवेतून येतात, एक तुमच्या मीटरमधून. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला गिझरला ४.७ युनिट लागतात. हीट पंप तेच काम दीड-पावणेदोन युनिटात करतो.

हे यंत्र नवं वाटतं, पण प्रत्येक स्वयंपाकघरात ते आहेच. फ्रिजच्या मागची किंवा बाजूची भिंत हाताला गरम लागते, ती दुधातली आणि भाजीतली बाहेर आणून टाकलेली उष्णता. म्हणूनच उन्हाळ्यात फ्रिज उघडा ठेवून खोली गार करायला निघालेल्याची खोली अखेर थोडी तापतेच. १८५२मध्ये लॉर्ड केल्विनने हवेतली उष्णता अशी ‘चढवून’ घर तापवता येईल असं मांडलं होतं. पुढच्या चार-पाच वर्षांत पीटर फॉन रिटिंगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने मिठागराच्या कामात, खारं पाणी आटवून निघालेली वाफच पुन्हा दाबून वापरायचं यंत्र उभं केलं. म्हणजे या कल्पनेचं वय पावणेदोनशेच्या घरात जातं.

मात्र खरी थापही बाजारात आहे, आणि ती याच वाक्यामागे लपते. मोटार जनरेटर फिरवते, जनरेटर मोटार चालवतो, वर घरही उजळतं, असे व्हिडिओ फोनवर फिरत असतात. दोन्हींतला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: जादा ऊर्जा येते कुठून? हीट पंपाकडे उत्तर आहे, भोवतालच्या हवेतून. आणि त्याचा पुरावा म्हणून यंत्रातून बाहेर पडणारी हवा गार लागते. बिनइंधनाच्या जनरेटरकडे उत्तर नाही. भारताच्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) निसर्गाच्या प्रस्थापित नियमांना उघड विरोध करणाऱ्या दाव्याला शोध मानतच नाही, ते अशा मंडळींमुळेच.

“ऊन जितकं कडक, तितकी सोलरची वीज जास्त”

पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. त्याची कागदावरची क्षमता मोजतात ती २५ अंश तापमानाला. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरचं पॅनेल सहज ६५ अंशांवर जातं. सिलिकॉनची वीज दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणजे ४० अंश वर गेल्यावर १२ ते १६ टक्के गळती. थंड वाऱ्याची, निरभ्र आकाशाची फेब्रुवारीतली दुपार म्हणून मे महिन्यातल्या रखरखीत दुपारवर मात करू शकते. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून हवा खेळू द्यावी, हे यासाठीच.

गच्चीवरचा सोलर बंब आणि सोलर पॅनेल एकच, हाही समज फार पसरलेला. बंबाच्या काचेच्या नळ्या वीज करतच नाहीत, त्यांना फक्त पाणी तापवायचं असतं. त्या पडलेल्या उन्हातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग उष्णता म्हणून पकडतात, तर पॅनेल साधारण एक पंचमांश भागाची वीज करतं. त्या विजेवर साधा गिझर चालवला तर बंब सरळ जिंकतो. हीट पंप लावला तर एक पंचमांशाचे तिप्पट होऊन सामना बरोबरीत येतो. दोन निरनिराळे शोध जोडले की आधीचा निकाल असा फिरतो. त्यामुळे ‘कोणतं चांगलं’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्या विक्रेत्याशी जपून बोलावं.

विजेचा टप्पाच गाळायचं धाडस शिर्डीत पाहायला मिळतं. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसल्या. आरशांनी एकवटलेलं ऊन पाण्याची वाफ करतं आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा वरण-भात शिजतो. ढग आले की गॅसवरचा बॉयलर मदतीला असतोच.

“वाळूच्या बॅटरीतून घराला वीज मिळते”

फिनलंडमधल्या कांकानपा गावात २०२२ साली शंभर टन वाळू भरलेलं एक पोलादी पिंप चालू झालं. स्वस्तातल्या विजेने वाळू पाचशे अंशांच्या वर तापवायची आणि ती ऊब कित्येक दिवस धरून ठेवायची. साठवण ८ मेगावॅट-तास, म्हणजे ८ हजार युनिट. बातम्यांनी तिला बॅटरी म्हटलं आणि घोटाळा झाला, कारण तिच्यातून बाहेर पडते ती उष्णता. गावातल्या घरांना नळांमधून गरम पाणी पोचवण्याची जी व्यवस्था तिकडे असते, तिला ती पुरवली जाते. त्या उष्णतेची परत वीज करायला गेलं तर दोन-तृतीयांशाच्या आसपास वाया जाईल. आपल्याकडे घरं तापवावी लागत नाहीत, म्हणून ही कल्पना आपल्या कामाची नाही असं कुणी म्हणेल. पण इचलकरंजीची प्रोसेस हाउसेस आणि दूध संघांच्या डेअऱ्या वर्षभर वाफ मागतात, तिथे तिचा विचार करता येतो.

उष्णतेतून वीजही काढायची असेल तर तापमान चढं हवं. स्पेनमध्ये सेव्हिलजवळच्या खेमासोलार केंद्रात २,६५० आरसे एका मनोऱ्यावर ऊन फेकतात आणि वितळलेला क्षार ५६५ अंशांपर्यंत तापतो. हा क्षार म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमचे नायट्रेट. यातल्या पोटॅशियमच्या नायट्रेटला आपण सोरा म्हणतो. त्यात १५ तासांची उष्णता मावते, त्यामुळे २० मेगावॅटला जरा कमी पडणारं हे सौर केंद्र रात्रीही चालतं. अर्थात सगळीकडे असं साधत नाही. अमेरिकेत नेवाडातल्या ११० मेगावॅटच्या क्रेसेंट ड्यून्स केंद्रात २०१६ साली गरम क्षाराची टाकी गळली आणि केंद्र कित्येक महिने बंद पडलं. कल्पना बरोबर होती, घात टाकीने केला.

“औष्णिक केंद्राच्या जाडजूड मनोऱ्यांतून धूर निघतो”

चंद्रपूरचे किंवा कोराडीचे मधे बारीक, वर-खाली रुंद मनोरे प्रदूषणाच्या प्रत्येक बातमीत छापले जातात. त्यांतून निघते ती पाण्याची वाफ. धूर जातो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून, आणि बऱ्याचदा तो डोळ्यांना धड दिसतही नाही. पण त्या पांढऱ्या वाफेला निर्दोष म्हणून सोडून देऊ नये, कारण जळलेल्या कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता जाते ती प्रामुख्याने तिकडूनच.

हा काही अभियंत्यांचा गलथानपणा नव्हे. सादी कार्नो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १८२४ साली दाखवून दिलं की उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला काही उष्णता खालच्या तापमानाला टाकूनच द्यावी लागते. ती किती, हे दोन टोकांच्या तापमानांवर ठरतं. बॉयलर जितका तप्त, तितकं वाया कमी. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचांत वाफेचं तापमान आणि दाब जुन्या संचांपेक्षा चढा ठेवला आहे तो याच कारणाने. एवढं करूनही कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते.

पळवाट एकच, टाकून द्यायच्या उष्णतेला गिऱ्हाईक शोधायचं. ते महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी शोधलं. सहवीज प्रकल्पात बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं उसाचं चिपाड, जाळून चढ्या दाबाची वाफ करतात, ती आधी टर्बाइन फिरवते, आणि दाब उतरल्यावर तीच वाफ रस आटवायला इव्हॅपोरेटरकडे आणि पॅनकडे जाते. वीज हे तिचं पहिलं काम, साखर दुसरं. गाळप चालू असेपर्यंत एवढा चोख हिशेब मोठमोठ्या केंद्रांना जमत नाही. एप्रिलच्या सुमारास पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, रस संपतो. मग शिल्लक बगॅसवर वीज करायची म्हटली तर टर्बाइनमधून निघणाऱ्या वाफेला जायला जागा उरत नाही. ती कंडेन्सरमध्ये थंड करावी लागते, आणि कारखान्याच्या आवारातल्या कूलिंग टॉवरवर चंद्रपूरसारखीच पांढरी वाफ दिसू लागते.