पिवळ्या पिनेचं चित्र

नव्वदच्या दशकात गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे बहुधा समुराई किंवा लिटल मास्टर. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमवर बेतलेली ही यंत्रं. बहुतेकांचं चित्र अँटेनाच्या वायरीने टीव्हीत शिरायचं. चॅनल जुळेपर्यंत मुंग्या, आणि जुळलं तरी लाल रंग शेजारच्या निळ्यात पसरलेला. माळ्यावरून असं यंत्र खाली आलं की पहिला विचार पिवळी एव्ही पिन बसवण्याचा येतो, आणि तो योग्यच आहे.

चित्र रचणाऱ्या चाळीस पायांच्या चिपच्या एकविसाव्या पायावर अख्खं रंगीत चित्र तयार असतं. मॉड्युलेटर ते नंतर रेडिओलहरीवर चढवतो. पण तो पाय थेट जॅकला जोडू नये. टीव्हीचा ७५ ओहमचा भार त्याला पेलत नाही; चित्र काळवंडतं, सिंक सुटून लोळू लागतं. मध्ये ट्रान्झिस्टर हवाच, पुढे ७५ ओहमचा रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग सहज मिळतात. स्वस्त यंत्रांत चिपऐवजी काळ्या डांबरासारखा ठिपका असतो. तिथे मॉड्युलेटरकडे जाणारी वायर शोधायची.

पुढची दुरुस्ती पडदा वाचण्याची आहे, आणि मला या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. चित्र कृष्णधवल आलं तर वायर उपसू नका: यंत्र एनटीएससी रंगपद्धतीचं आणि टीव्ही ते पाल पद्धतीचं समजतोय का, ते सेटिंगमध्ये बघा. उभ्या फिकट रेघा दिसल्या तर बोर्डावरचा गोंगाट चित्रात मिसळतोय. एकविसावा पाय बोर्डापासून उचलून आखूड वायरीने ट्रान्झिस्टरला जोडला की त्या बऱ्याच कमी होतात. दोन आडवे पट्टे सावकाश सरकत असतील तर दोष अ‍ॅडाप्टरचा. आपली वीज ५० हर्ट्झची आणि पाल चित्रही ५० चं, म्हणून वाळलेल्या कपॅसिटरची घरघर पडद्यावर जवळजवळ थबकलेली दिसते.

सगळं चोख असूनही एलईडी टीव्हीवर लुकलुकणारी पात्रं अर्धवट गायब होतात. यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकतं. जास्त झाली की खेळ ती आळीपाळीने दाखवतो. नवा टीव्ही या सिग्नलला इंटरलेस्ड समजून फ्रेमा एकमेकींत कालवतो. बदकं टिपण्याच्या खेळातली बंदूक तर त्यावर चालतच नाही. तिला पिक्चर ट्यूबवर त्याच क्षणी उमटणारा पांढरा चौकोन लागतो, आणि एलईडी तो उशिरा दाखवतो. त्या खेळासाठी जुना टीव्ही भंगारात देऊ नका.