लॅमेटा चुनखडक व त्यातील जीवावशेष

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. त्या खडकाखाली काही ठिकाणी त्याहून जुने, चुनखडक, वालुकाश्म व चिकणमाती यांचे थर आढळतात. जबलपूरजवळील लॅमेटा घाटावरून त्यांस ‘लॅमेटा’ हे नाव मिळाले.

सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी तेथे नद्यांचा गाळ साचत असे. उन्हाने पाण्याची वाफ होई, पाण्यातील चुना मातीतच उरे व कालांतराने त्याचा खडक बने. अशाच मातीत घातलेली डायनोसॉरची अंडी पुढे दगड झाली. १८२८ मध्ये स्लीमन यांस जबलपूर येथे प्रचंड प्राण्यांची हाडे सापडली. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण आढळले. डायनोसॉरच्या काळीही गवत होते, हे त्यावरून २००५ मध्ये सिद्ध झाले.

शिक्षकांनी चुनखडीवर लिंबाचा रस टाकून निघणारे बुडबुडे विद्यार्थ्यांस दाखवावेत. मात्र खडकातील अवशेष उकरू देऊ नयेत. अवशेष जागेवरून हलला की त्याचा थर व काळ सांगणारा पुरावा कायमचा नष्ट होतो. असा अवशेष दिसल्यास जागेची नोंद करून तज्ज्ञांस कळविणे, हेच खरे निसर्गशिक्षण होय.